हौसाच्या कुरडया आणि अ‍ॅरिझोनाची धूळ

अमेरिकेत धूळ नसते, असं आमच्या गावात सगळेच सांगतात. जे कधी साताऱ्याच्या पुढं गेले नाहीत ते जास्त ठासून सांगतात. मी जाऊन आलो. धूळ खाऊन आलो. ज्याला काय विचारायचं असेल त्यानं हे वाचावं, गिरणीवर येऊन माझी खोटी करू नये.

माझं शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या मेहरबानीनं. लिहायची सवय नाही. जन्मभर पिठाची गिरणी चालवली, रोज संध्याकाळी भुवयांसकट पांढरा होऊन घरात गेलो. त्यामुळं धुळीबद्दल मला कुणी शिकवू नये असं मला वाटायचं. ते वाटणं तिकडं गळून पडलं.

गेलो कशासाठी, तर बायको वारली म्हणून. हौसा तिचं नाव. गेल्या वर्षी श्रावणात गेली. घर आणि गिरणी एकाला एक लागून. दूध उतू गेल्याचा वास गिरणीत आला तेव्हा मी आतनंच ओरडलो, "अगं, दूध!" उत्तर आलं नाही. हौसानं मला उत्तर दिलं नाही असं आधी कधी झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाला हार्ट. असंल.

मुलगा संजू तिकडं अ‍ॅरिझोना राज्यात, चँडलर गावात असतो. फिनिक्स म्हणून मोठं शहर आहे त्याला चिकटून. कंप्युटरच्या चिपा करायच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मातीला तो येऊन गेला, पण वर्षश्राद्धाला त्याला येता येईना, व्हिसाचं कायतरी अडकलं. फोनवर म्हणाला, "आप्पा, तुम्हीच या. आईचं वर्ष इथे करू." मी म्हणालो, "ती जन्मात विमानात बसली नाही, आणि तिचं वर्ष विमानानं न्यायचं?" पण गेलो. रिकाम्या घरात किती दिवस गिरणीचा पट्टा बघत बसणार?

नेताना एकच वस्तू जिवापाड नेली. कुरडयांचा डबा. हौसानं गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या, तिच्या हातच्या शेवटच्या. वर्षभर मी त्या डब्याला हात लावला नव्हता. माझं एवढंच ठरलं होतं की वर्षाच्या दिवशी पानात तिच्या हातची कुरडई पडली पाहिजे. बाकी पुरण करा नाहीतर पिझ्झा करा.

विमानतळावर बॅग पट्ट्यावरनं आली ती एखादा हत्ती बसून उठल्यासारखी. घरी जाऊन डबा उघडला. आत चुरा. एकही कुरडई शाबूत नाही.

संजू माझ्याकडं बघत म्हणाला, "आप्पा, डोन्ट वरी. इंडियन स्टोअरमध्ये कुरडया मिळतात."

"कुणाच्या हातच्या?"

"पॅकेटमधल्या. मशीनच्या असतात."

"मग मशीनचं वर्ष असंल तेव्हा आण."

चालता डोंगर

मी पोचलो तो आषाढ. तिकडच्या लोकांच्या मते तोच त्यांचा पावसाळा. संजूची बायको मेघना पुण्याची, तीही इंजिनियर. ती म्हणाली, "आप्पा, आता आमचा मान्सून सुरू होईल." मी छत्री काढून दाराशी टेकवून ठेवली. मेघना हसली, पण बोलली काही नाही. तिची ती सवय आहे. मूल कधी होणार म्हणून विचारलं की पाणी आणायला जाते, तसंच.

चार दिवसांनी संजूबरोबर मोटारीतनं भाजीला चाललो होतो. दुपारची वेळ, लख्ख ऊन. रस्त्याच्या टोकाला एक तपकिरी डोंगर दिसला. मी म्हणालो, "हा डोंगर काल नव्हता." संजू "अरे यार" म्हणाला आणि गाडी रस्त्याच्या पार खाली उतरवून थांबवली. गाडी बंद, दिवे बंद. ब्रेकवरचा पायसुद्धा काढला, का तर मागचा लाल दिवा पेटतो.

तोवर डोंगर आमच्यापर्यंत चालत आला. आमच्याकडं वावटळ येते, चिपाडं फिरवते आणि जाते. हिला वावटळ म्हणणं म्हणजे हत्तीला डुक्कर म्हणणं. आभाळाला टेकलेली भिंत, आणि ती भिंत तुमच्या अंगावरनं जाते. भर दुपारी गाडीत अंधार. काचेवर बाजरी चाळल्यासारखा आवाज.

"दिवे का घालवलेस?" मी विचारलं.

"मागच्याला आपले दिवे दिसले तर त्याला वाटतं रस्ता इकडेच आहे, आप्पा. तो आपल्या मागे येतो आणि ठोकतो."

"मग हॉर्न तरी वाजव."

"इथे हॉर्न वाजवत नाहीत. शिवी दिल्यासारखं वाटतं लोकांना."

"म्हणजे मेलेलं चालतं, शिवी चालत नाही."

यावर त्यानं रेडिओ लावला. रेडिओवरचा माणूस सांगत होता की बाहेर धूळ आहे.

डोंगर निघून गेला, वरनं पावसाचे चार थेंब पडले. त्या चार थेंबांनी गाडीवरच्या धुळीचा चिखल केला, बाकी काही नाही. मान्सून संपला. मग जेवढ्या गाड्या रस्त्याकडेला थांबल्या होत्या त्या सगळ्या उठून सरळ गाडी धुवायच्या दुकानात रांगेत उभ्या राहिल्या. आम्हीपण. दुसऱ्या दिवशी परत डोंगर आला, परत रांग. मी संजूला म्हणालो, गाडी चार महिने धुऊच नको. तो म्हणाला, तसं बरं दिसत नाही. सगळ्यांच्याच गाड्या मळलेल्या असल्या तर कुणाला दिसणार आहे, हे मी विचारलं नाही. पाहुणा होतो.

घरात बसलं तर टीव्ही. खिडकीतनं धूळ दिसतेय, आणि संजू-मेघना खिडकीकडं पाठ करून टीव्हीवर धूळ बघतात. टाय लावलेला एक माणूस नकाशावर हात फिरवत ओरडतो. मी म्हणालो, "अरे, मागं वळा, खरी आहे ती." मेघना म्हणाली, "आप्पा, टीव्हीवर कळतं ती किती वेळात येणार ते." "आली की," मी म्हणालो.

आणि धुळीवर तिथल्या लोकांचा जो उपाय आहे तो तर बघण्यासारखा. अंगणात गवत नाही, पाणी नसतं. खडी पसरलेली असते. त्या खडीवर धूळ बसली की ती फुंकायचं यंत्र असतं, पाठीला बांधायचं, वर नळी. मागच्या भिंतीपलीकडं रे नावाचा एकटा म्हातारा राहायचा, माझ्याच वयाचा, टोपीवाला. तो सकाळी उन्हाच्या आधी ते यंत्र घेऊन भूंऽऽ करत आपली धूळ आमच्या भिंतीवरनं आमच्याकडं पाठवायचा. शनिवारी संजू तसलंच यंत्र घेऊन ती शेजारी पाठवायचा. शेजारचा पुढं. आमच्याकडं संक्रांतीला बायका वाण फिरवतात तशी एकच पसाभर धूळ सगळी वसाहत एकमेकांकडं फिरवते. भांडण कुणाचं नाही. मला मात्र तो म्हातारा पहिल्या दिवसापासनं आवडला नाही.

गहू

धूळ नसेल तेव्हाचं तिथलं ऊन म्हणजे सोनं. सकाळी ओला पंचा दोरीवर टाकला की चूळ भरून येईपर्यंत पापड. असलं ऊन हौसाच्या हाती लागलं असतं तर तिनं सगळ्या तालुक्याचं वाळवण घातलं असतं. आणि त्या उन्हात तिथली माणसं काय वाळवतात? काही नाही. कपडेसुद्धा घरात मशीनमध्ये वाळवतात. त्या मशीननं घर तापतं म्हणून ते गार करायला दुसरी मशीन.

माझ्या डोक्यात तिथंच शिरलं. कुरडया घालायच्या.

पण कशा? वाळवणातलं माझं काम जन्मभर एकच होतं, राखण. काठी घेऊन बसायचं, कावळा-कोंबडी हाकलायची. आतलं काम मी कधी बघितलं नाही. म्हणून कराडला हौसाच्या धाकट्या बहिणीला, कमळला, फोन लावला. परदेशी फोनच्या कार्डावरचे आकडे दाबून दाबून बोटं दुखली तेव्हा ती सापडली.

"कोण, दाजी? अमेरिकेतनं? बरं हाय न्हवं?"

"बरा हाय. चीक कसा काढायचा ते सांग."

ती म्हणाली, "दाजी, उभा जल्म गव्हाच्या पोत्याला टेकून काढला तुम्ही, आन् चीक मला इचारताय?"

"दळणं माझं काम होतं. भिजवणं तिचं."

"आन् खाणं?"

"ते दोघांचं."

"दोघांचं कुठलं आलंय! चांगल्या चांगल्या कुरडया तुमच्या पानात. मोडक्या आक्का खायची. डब्याच्या तळाचा चुरा तर कुणाला द्यायची न्हाई. सांगायची, ह्यो माझा वाटा."

हे मला ठाऊक नव्हतं. मी विषय बदलला, चुऱ्याची हकीकत सांगितली.

"मग झालं की!" ती म्हणाली. "चुरा टाकू नगा. नव्या चिकात कालवा आन् त्याच्या कुरडया घाला. विरजणागत. आक्काचा हात सगळ्यात उतरंल."

मग तिनं सगळं सांगितलं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, मीठ-हिंग घालून शिजवत हाटायचा. मी सगळं डोक्यात ठेवलं. हिशेब डोक्यात ठेवायची गिरणीवाल्याला सवय असते.

गहू मात्र मिळेना. इंडियन दुकानात पिठाच्या पिशव्याच पिशव्या, गहू नाही. शेवटी मेघनानं एका दुकानात नेलं तिथं गोळ्यांच्या आणि टॉनिकच्या बाटल्यांच्या मध्ये गहू होता. पाकिटात. लोक त्याला मोड आणून त्याचा हिरवा रस पितात म्हणे, तब्येतीला. गिरणीवाला पाकिटातला गहू विकत घेतोय हे गावात कुणी बघितलं असतं तर मी दुसरं गाव शोधलं असतं.

संजूच्या गॅरेजमध्ये, कपाटामागं, बादलीत गहू भिजत घातले. मेघनाला माहीत होतं, संजूला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वास सुटला. भिजल्या गव्हाचा आंबूस वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आणि ते घर असं की सगळ्या खिडक्या बंद आणि एकच थंड वारा सगळ्या खोल्यांतनं फिरतो. वास झोपायच्या खोलीत, वास न्हाणीत, वास संजूच्या ऑफिसच्या शर्टांत.

संजू शिडी लावून छताच्या जाळ्या उघडून बघायला लागला. "काहीतरी मेलंय आत," म्हणाला. "उंदीर. नाहीतर खार." मी शिडी धरली. सांगितलं असतं तर बादली बाहेर गेली असती. तो एकेक जाळी काढत पुढं, मी शिडी धरून मागं. सगळं घर झालं तेव्हा तो वरनं म्हणाला, "आप्पा, हा वास ओळखीचा आहे."

मी वर बघितलं.

"आई चैत्रात..." म्हणाला आणि शिडीवरच थांबला. मग उतरून सरळ गॅरेजमध्ये गेला. बादलीपाशी उकिडवा बसला. आत आला तो एवढंच म्हणाला, "पाणी बदललंय का आज?"

मिक्स

रविवारी पहाटे उठून चीक हाटला. मेघनानं हातात डाव घेतला आणि म्हणाली, "आप्पा, हे जिमपेक्षा हेवी आहे." गाठी झाल्या तर मी ओरडलो, मग मी डाव घेतला आणि माझ्या जास्त गाठी झाल्या, मग ती ओरडली. चीक काचेसारखा चमकायला लागला तेव्हा मी डब्यातला चुरा ओंजळीनं त्यात सोडला. संजू भांडं धरून उभा होता. डबा उपडा करून तळावर हात मारला, राहिलेलं पीठही पडलं. म्हणजे हौसाच्या हातचं जगात जे काय उरलं होतं ते सगळं आता त्या पातेल्यात होतं.

सोऱ्या मेघनाच्या रुखवतातला, पितळी, खोक्यातनं अजून निघालाच नव्हता. वाळवण कुठं घालायचं? पुढच्या दारी काही वाळत घालायला वसाहतीची बंदी. म्हणून मागच्या अंगणात, बागेतल्या लांब टेबलावर. धोतर नाही, जुनी लुगडी नाहीत. मेघनानं गादीवरची चादर दिली, तिच्या चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. तिथं सगळ्या चादरी तशाच. ती टेबलाला टोपी घातल्यासारखी बसवली, वर तिघांनी कुरडया घातल्या. पहिल्या चार गांडुळासारख्या आल्या. मग जमल्या.

दोघं वर्षाच्या जेवणाचं सामान आणायला लांबच्या दुकानात गेली. मी काठी घेतली, डोक्यावर ओला पंचा घेतला आणि राखणीला बसलो. खरं सांगतो, वर्षभरात त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं काम मिळालं.

आणि भिंतीपलीकडं भूंऽऽ सुरू झालं.

मी उठून भिंतीपाशी गेलो आणि काठी उगारली. रेनं यंत्र बंद केलं. भिंतीवरनं डोकावून टेबलाकडं बघितलं. पांढरी पांढरी वेटोळी, ओळीनं.

"व्हॉट इज दॅट, सर?"

मला इंग्रजी येत नाही, पण चार शब्द येतात. समजावून सांगायला पाहिजे होतं, नाहीतर हा परत फुंकणार. मी रिकामा डबा आणला, त्याला दाखवला. म्हणालो, "माय वाइफ."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "व्हेअर?"

मी आभाळाकडं बोट केलं. मग डब्याकडं. मग डब्यातलं पातेल्यात ओतल्याची खूण केली, हाटल्याची खूण केली, आणि टेबलावरच्या कुरडयांकडं हात केला. "माय वाइफ. मिक्स."

मिक्स शब्द मला चांगला येतो. गिरणीवर मिक्स दळणं असतात.

त्या माणसाचा चेहरा बदलला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. खाली बघत कायतरी बोलला, त्यात सॉरी दोनदा आलं. पाठीवरचं यंत्र उतरवून आत ठेवून आला आणि भिंतीपलीकडं खुर्ची टाकून बसला. मी पाणी प्यायला आत जाऊन आलो तर हा भिंतीवरनं हात हलवून कबुतरं हाकलत होता. मला वाटलं, चुकलो आपण ह्याच्याबद्दल. समजूतदार आहे.

आय गॉट हर

दुपार कलली तेव्हा कुरडया वरनं वाळल्या होत्या, खालनं ओल्या. उचलायला जावं तर तुटायच्या. म्हणजे धड आत नेता येत नाहीत, धड सोडता येत नाहीत, अशा अवस्थेत होत्या, आणि दक्षिणेला डोंगर उभा राहिला.

संजूचा फोन आला. "आप्पा, आत जा. आम्ही रोडवर अडकलोय. दिवे बंद करून बसलोय."

"कुरडया चिकटल्यात."

"आप्पा, सोडा त्या! आत जा!"

मी फोन ठेवला. टेबल दाराकडं ओढायला गेलो. ते लोखंडी, जागचं हललं नाही. मग म्हणालो, येऊ दे. मी गिरणीवाला माणूस. नाकाला पंचा बांधला, टेबलाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

गिरणीची धूळ तुमच्यावर बसते. ही तुमच्यातनं जाते. कानात, नाकात, दाताच्या फटीत, सदऱ्याच्या आत. डोळे उघडले तर काही नाही, आणि मिटले तरी तेवढंच. वाऱ्यानं चादरीखाली हात घातला. एका कोपऱ्याचं इलॅस्टिक सुटलं, मग दुसऱ्याचं, आणि सगळी चादर फुग्यासारखी फुगून वर निघाली. मी एक कोपरा धरला. चादर मला घेऊन चालली. मी ओरडलो, "हौसे, थांब की!" असं का ओरडलो मला माहीत नाही.

तेवढ्यात भिंतीवरनं कायतरी धप्पकन पडलं. रे. पोहायचा चष्मा डोळ्याला लावलेला, तोंडावर रुमाल. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठाच निघाला नंतर, आणि भिंत छातीएवढी उंच. त्यानं झेप घेऊन चादरीचा दुसरा कोपरा धरला आणि ओरडला, "आय गॉट हर! आय गॉट हर!"

तिकडनं इलॅस्टिक आखडलं, इकडनं आखडलं, चादरीचं गाठोडं झालं. आम्ही दोघांनी त्याच्यावर आडवं पडून ते दाबून धरलं, पळणारं डुक्कर धरतात तसं. दोन म्हातारे, खडीवर, पालथे. त्याचं डोकं माझ्या पायाशी. वरनं डोंगर चालला होता.

थांबलं तेव्हा चार थेंब पडले आणि आम्ही दोघं चिखलाचे झालो. गाठोडं सोडलं. निम्म्या कुरडया होत्या. बऱ्याच मोडलेल्या, सगळ्या धुळीनं खाकी झालेल्या, पण होत्या. निम्म्या गेल्या. एक-दोन निवडुंगाच्या काट्याला लागल्या होत्या. काही रेच्या पोहायच्या तळ्यात, तळ्याचं पाणी चहासारखं झालेलं, त्यात फुगून तरंगत होत्या. रेनं लांब दांड्याची जाळी घेतली आणि एकेक अशी हळू उचलली, की मी माझ्या पोराला कधी न्हाणीतनं तसा उचलला नसेल. लाकडाच्या एका चांगल्या पेटीत पांढरा रुमाल घालून त्यात ठेवल्या आणि ती पेटी दोन्ही हातांनी मला दिली. ओल्या कुरडयांचं काय करणार? पण घेतली.

संजू-मेघना पोचली तेव्हा रे दारातच होता. संजूचा हात हातात घेऊन हळूहळू बोलला. संजू मान हलवत राहिला. दार लावलं आणि तो स्वयंपाकघरात फरशीवरच बसला.

"आप्पा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"खरं ते."

"त्याला वाटतंय त्या कुरडया म्हणजे आई आहे. आईची राख मिसळून उन्हात ठेवायची आपली काहीतरी पद्धत आहे. मला म्हणाला, मला जेवढी वाचवता आली तेवढी वाचवली. आणि विचारत होता, हे पूर्ण इंडियात करतात का."

"तू काय म्हणालास?" मेघनानं विचारलं.

"मला काही सुचेना. म्हणालो, फक्त सातारा डिस्ट्रिक्टमध्ये."

मेघना ओट्याला धरून हसायला लागली. मग संजू हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज बदलला आणि तो रडायला लागला. मातीला आला होता तेव्हा त्याच्या डोळ्यातनं टिपूस आलं नव्हतं. मेघनानं पाणी आणलं. ह्या वेळेला खरंच कुणाला तरी पाहिजे होतं.

वर्षाचं जेवण

आमच्या घरची रीत अशी की वर्षाच्या पंक्तीला एक तरी परका माणूस जेवला पाहिजे. चँडलरमध्ये सगळेच परके, पण मी म्हणालो, रेला बोलाव.

"आधी त्याला सगळं क्लिअर करायला पाहिजे, आप्पा."

"कर की."

रोज संजू उद्या सांगतो म्हणायचा. उद्या भिंतीपलीकडं रे टोपी काढून उभा राहायचा आणि ह्याचं तोंड शिवलं जायचं.

त्या दिवशी रे टाय लावून आला. फोटोला हार घातला होता, त्याच्यापुढं उभा राहून फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मेघनानं पुरण छान केलं होतं, गूळ थोडा कमी. रेला खाली बसता येईना म्हणून सगळेच टेबलाला बसलो.

शेवटी परत वाळवलेल्या कुरडया तळल्या. तेलात सोडली की फुलते, दुप्पट होते, ते बघून रे अर्धा उठला आणि परत बसला. रंग पांढरा नव्हता, थोडा मातकट. पहिली कुरडई फोटोपुढच्या पानात ठेवली. हेच माझं ठरलं होतं आणि तेवढं झालं. मग मेघनानं रेच्या पानात एक वाढली.

संजू घसा साफ करून म्हणाला, "रे, अ‍ॅक्चुअली..."

रेनं हात वर केला. संजूनं मला नंतर सांगितलं त्याप्रमाणं रे म्हणाला, काही समजावू नकोस, हा माझा मान आहे. टायची गाठ सारखी केली, डोळे मिटले आणि कुरडईचा एक तुकडा मोडून तोंडात घातला.

कचकच आवाज झाला. कुरडईचा निम्मा, अ‍ॅरिझोनाचा निम्मा. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं पुष्कळ वेळ चावली. गिळली. डोळे उघडले आणि मला म्हणाला, "शी इज व्हेरी गुड, सर."

मग संजूच्या कानाशी वाकून कायतरी विचारलं. संजूचे कान लाल झाले.

"काय म्हणतोय?"

"अजून एक मिळेल का विचारतोय." संजू दबक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, आता सांगूच का त्याला?"

"काय सांगणार आहेस? ह्यात खोटं काय आहे?"

ताटात दोन उरल्या होत्या. एक अखंड, एक मोडकी. अखंड रेच्या पानात वाढली. मोडकी मी घेतली.